दोन फरशा मागे

बालवर्गाच्या बाईंकडे रडणाऱ्यांसाठी एक खास उपाय होता, आणि तो मुलांसाठी नव्हता. मुलं काय, दुसऱ्या दिवशी वाळूत रमतात. प्रश्न असतो तो आयांचा.

म्हणून नव्या मुलाच्या आईला वर्गात एक बुटकी लाकडी खुर्ची मिळे, मातीकामाच्या टेबलाशेजारी. रोज सकाळी केर काढताना बाई ती दोन फरशा दाराकडे सरकवत. आठवड्याभरात आई दाराबाहेर. आणि वर तिला वाटे, आपणच मन घट्ट केलं! बावीस वर्षांत कितीतरी कर्तबगार बायका अशा बाहेर सरकल्या, त्यांचा त्यांना पत्ता नाही.

भिंगरीची आई मात्र बसल्याबसल्या खुर्ची पुन्हा पुढे ओढी. "इथून तिचा चेहरा नीट दिसतो हो."

तीन आठवड्यांत या माउलीने वर्गाची फार सेवा केली. ठोकळ्यांचे कोपरे बोटाने दाबून पाहिले. रंग पोटात गेला तर काय होतं ते डबीवर वाचलं, आणि डबीवर नव्हतं ते बाईंना विचारलं. मुलगी घसरगुंडीकडे वळली की "हळू!", चित्राला बसली की "बाळा, सूर्य पिवळा असतो ना?" मग घरी भिंगरी म्हणून गाजलेली ती साडेतीन वर्षांची पोर इथे आईच्या गुडघ्याला चिकटून राही.

"बघा ना बाई, सोडतच नाही मला."

"दिसतंय मला," बाई म्हणाल्या.

शाळा चालवणाऱ्या मोठ्या बाई इतक्या सोशिक नव्हत्या. गुरुवारी त्यांनी सांगून टाकलं, "उद्याचा दिवस शेवटचा. आईशिवाय बसली नाही, तर जागा दुसऱ्याला. पुढच्या वर्षी बघू." जागा गेली तर पोर आणखी वर्षभर त्याच गुडघ्याला चिकटणार, या धास्तीने बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं त्या आईला तर मुळीच नाही.

शुक्रवार शाळा-शाळा खेळायचा. त्या दिवशी एक मूल बाई होई आणि बाई सतरंजीवर मुलांत बसत. पाळी दुसऱ्याच मुलाची होती, पण बाईंनी घंटा सरळ भिंगरीच्या हातात दिली. पाळीवाल्याने भोकाड पसरलं.

"तिला नाही हो जमायचं, लाजाळू आहे ती," आईने लगेच कळवलं.

लाजाळूने घंटा बडवली. "हात धुतले? नाक पुसलं? कोण बोलतंय मध्ये?" आवाज थेट बाईंचा, कमरेवरचा हातसुद्धा. मग ती आईसमोर येऊन उभी राहिली.

"उठा."

आई कौतुकाने उठली. भिंगरीने खुर्ची धरली आणि ढकलली. "एक... दोन."

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. बावीस वर्षं एकाही मोठ्या माणसाला न दिसलेली गोष्ट हिने गुडघ्याशी उभं राहून पाहून ठेवली होती! आणि ती दोनवर थांबलीही नाही. "तीन, चार, सहा..." मघाचा रडका मदतीला धावला. खुर्ची खरडत निघाली, मागून आई, शाळेतून नाव कमी झाल्यासारखी.

"अगं, पण मी..."

"बाहेर बसायचं. रडायचं नाही. शाळा सुटली की मी येते हं." आणि दार लागलं.

"बाई, मांडी घाला!" आतून हुकूम सुटला. बाईंनी गुडघे कुरकुरत असूनही मांडी घातली.

मोठ्या बाई फेरीला आल्या, तेव्हा खुर्ची दाराबाहेर होती आणि आई तिच्यावर हाताची घडी घालून बसली होती. आत भिंगरी पोटावर झोपून घसरगुंडीवरून खाली येत होती. हातातल्या यादीवर काट मारायला काढलेलं पेन मोठ्या बाईंनी परत टोपणात घातलं.

शाळा सुटली. केसांत माती घेऊन भिंगरी बाहेर आली आणि चप्पल शोधू लागली. आईने बाईंना बाजूला घेतलं.

"तिनं... माझी आठवण काढली का हो?"

कोण कुणाला चावलं तेसुद्धा तोंडावर सांगणाऱ्या बाईंनी चप्पल शोधणाऱ्या भिंगरीकडे एकदा पाहिलं.

"काढली तर! दोनदा."

आईचा जीव भांड्यात पडला. ती गेल्यावर बाईंनी खुर्ची उचलून पुन्हा टेबलाशेजारी ठेवली. सोमवारी नवं मूल येणार होतं. त्याच्याबरोबर आई आणि आजी दोघीही बसणार, असा निरोप आधीच आला होता.