पुसलेली तीन टिंबे

अर्जदार : हेडवाले मामा, इंजिनाची हेडे सपाट करून देणारे कारागीर, वारजे, पुणे, सध्या गैरहजर. गैरअर्जदार : मी स्वतः, अर्जलेखक, शिक्षण सातवी, बैठक कचेरीबाहेरील चिंचेखाली. घटनेचा काळ : खराडीत काचेच्या इमारती उठू लागल्या आणि तिथल्या नोकरदारांची ने-आण करणाऱ्या गाड्या शहरभर धावू लागल्या, ती वर्षे. साक्षीदार : एक, माझा मेहुणा दिलीप, दोन, मामांच्या उजव्या अंगठ्याचे नख. पैकी दुसरा साक्षीदार आज हयात नाही. त्याचा अंत पाहून मला जो धक्का बसला तो अद्याप उतरलेला नाही, म्हणून हा मजकूर.

मामांची नऊ नखे काटेकोर कापलेली असत; दहावे तेवढे बोटापुढे वाढवलेले. हेड म्हणजे इंजिनावरचे जड झाकण. त्याची खालची बाजू पाटासारखी सपाट हवी, नाहीतर पाणी तेलात उतरते आणि गाडी तापून रस्त्यातच उभी राहते. मामा ते झाकण रॉकेलने धूत, कोरडे करीत, डोळे मिटीत आणि त्यावरून नख फिरवीत. नख सरकत गेले तर ओरखडा किरकोळ. अडकले तर दोष. "डोळा चकाकीला भुलतो. नखाला चकाकी दिसतच नाही," असे ते म्हणत.

मग पोलादी पट्टी हेडवर उभी धरून ते खिडकीकडे पाहत. पट्टीखाली उजेडाची रेघ दिसली की हेड वाकलेले. एकदा गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवलेला एक तरुण म्हणाला, "मामा, मी नेटवर वाचलंय, पॉलिश पेपर मारला की होतं. टेन मिनिट्स!" मामांनी पट्टीवरची नजर हलवली नाही. "मग इथवर कशाला आलात? नेटवरच घासून घ्यायचं." तरुण ओशाळला, तेव्हा मात्र त्याला जवळ बोलावून त्यांनी समजावले, "कागदानं खड्डा जात नाही हो, शेजारची जमीन खचते."

मला ते 'अर्जवाले' म्हणत. दुकानावर 'खात्रीशीर काम' अशी पाटी लावावी, मजकूर मी विनामूल्य करून देतो, असे मी एकदा सुचवले. "अहो अर्जवाले, खात्री लिहून मिळत असती, तर तुमची माणसं पहिल्याच अर्जात जिंकली नसती का?" मी पेनाला टोपण लावले.

त्यांचा एक नेम होता. हेडवर यंत्र फिरवले की थोडा धातू जातो. म्हणून दर वेळी ते हेडच्या कडेला पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, एक टिंब ठोकीत. तीन टिंबे दिसली की हेड परत. "याच्या अंगात आता काही उरलं नाही. नवं आणा." गयावया करा, ओळख सांगा, उपयोग शून्य. वारज्यातले सगळे ड्रायव्हर ती टिंबे मानीत.

दिलीपची जुनी जीप खडकवासल्याच्या रस्त्यावर तापली. हेडच्या कडेला तीन टिंबे होती आणि मामांनी ते परत केले. गाडी आठवडाभर उभी राहिली असती तर खराडीच्या कंपनीतल्या नोकरदारांची ने-आण करण्याचे काम सुटले असते. दिलीप रडकुंडीला आला. "दाजी, काहीतरी करा ना." मी आयुष्यभर लोकांना पुराव्याचे महत्त्व शिकवले आहे. तेच शिक्षण मी इथे वापरले. म्हणालो, "टिंबे म्हणजे पुरावा. पुरावाच नसेल तर हरकत कशी राहील?" दिलीपने टिंबांवर कानस मारली, वर काळे तेल चोळले. दोन दिवसांनी ते हेड 'एका ओळखीच्या गृहस्थांचे' म्हणून मी स्वतः मामांकडे घेऊन गेलो.

मामांनी ते धुतले. नख फिरवले. कडेपाशी नख थबकले. मागे गेले, पुन्हा थबकले. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले.

"अर्जवाले, हे पहिल्यांदाच येतंय ना?"

"हो. लेखी देऊ का?"

"नको. तुम्ही सांगितलंत, झालं."

त्यांनी यंत्र फिरवले आणि कडेला एक टिंब ठोकले.

महिनाही झाला नाही तोच ते हेड तडकले. गाडीत कंपनीतल्या चार मुली होत्या. देवाच्या कृपेने त्यांना काही झाले नाही. मात्र वाफेने दिलीपचा हात कोपरापर्यंत भाजला. तडकलेल्या हेडवर मामांचे ताजे टिंब सर्वांनी पाहिले. "मामाचा हात आता पूर्वीचा राहिला नाही," असे ड्रायव्हर बोलू लागले. मी ते ऐकत होतो. इतरांची बाजू मांडण्यात हयात घालवलेला मी तोंडातून एक अक्षर काढू शकलो नाही.

अखेर कबुली द्यायला गेलो, तेव्हा मामा यंत्रावर गोणपाट घालीत होते. बोलायला आरंभ करणार, तोच त्यांचा अंगठा दिसला. नख बाकीच्या नऊ नखांसारखे काटेकोर कापलेले होते. मी हादरलो. "मामा, हे काय केलंत?"

"त्यानं सांगितलं होतं मला," मामा शांतपणे म्हणाले. "कानस लागलेली कळली होती. पण समोर तुम्ही होता. नखाचं ऐकायचं सोडून मी तुमचं ऐकलं. मग ठेवून काय करायचं?"

एक शिवी दिली असती तरी मला आधार वाटला असता. दुसऱ्या आठवड्यात ते मुलीकडे गावी गेले. गावाचे नाव मी कधी विचारले नव्हते. त्यांच्या दुकानाच्या जागी आज मोबाइलचे दुकान आहे.

सबब, ज्यांच्या गाड्या मामांच्या हाताखालून गेल्या, त्या सर्वांनी नोंद घ्यावी की मामांचे काम चुकलेले नव्हते. खोटे मी बोललो. त्यांचा ठावठिकाणा कोणास ठाऊक असल्यास हा कागद त्यांच्या हाती द्यावा. मामा, शिक्षा आपण ठरवाल ती मान्य आहे. मात्र नख पुन्हा वाढवले किंवा कसे, एवढ्या एका मुद्द्यावर आपले उत्तर मिळावे, ही विनंती.