अंबिकाच्या हातावरचे टोचे

निलंग्याच्या गंगम्माला कुणी ‘आज सोमवार’ म्हणालं, तरी ती आधी कॅलेंडर बघायची. पिठाच्या गिरणीवालीवर गिऱ्हाइकांनी संशय घ्यावा ही जगाची रीत; इथं सगळं उलटं. गिऱ्हाइकाच्या गव्हात खडे असणारच, असं धरून ती मूठमूठ धान्य चाळायची. लोक दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, ही बाई न पोळताच फुंकत बसायची. नवऱ्यानं तर खुलासे देणंच कधीचं सोडून दिलं होतं.

एकुलती लेक अंबिका नांदेडला डीएमएलटी करत होती, म्हणजे रक्त-लघवी तपासायचं शिक्षण. दिवाळीला ती घरी आली. अभ्यंगाच्या दिवशी तिच्या हाताला तेल चोळताना गंगम्माचा अंगठा कोपराच्या खळगीशी थांबला. तिथं सुईचे टोचे होते. काही सुकलेले, काही ताजे, भोवती निळसर डाग.

“हे काय गं?”

“डास चावले, अव्वा.”

“डास एकाच जागी रांग लावून चावतेत व्हय?”

अंबिकानं हात आखडून घेतला. गंगम्माच्या मनात पाल चुकचुकली, आणि गंगम्माच्या मनातली पाल म्हणजे घोरपडच. पोरगी नशा करते का? की कॉलेजवालेच गरीब पोरींचं रक्त काढून विकतात? ती कुणाजवळ बोलली नाही. सुट्टी संपून अंबिका गेली, तशी आठवड्यात ‘लातूरला बहिणीकडं जाते’ अशी नवऱ्याला थाप मारून तिनं नांदेडची एसटी धरली. लेकीचं सामान बांधून तिला परत आणायचं, हे वाटेतच पक्कं झालं होतं.

कॉलेजच्या फाटकावर वॉचमननं अडवलं, पण गंगम्माला आजवर कुणी अडवू शकलंय? ती थेट लॅबच्या दारात. समोर अंबिका हात पसरून बसलेली, दंडाला पट्टा बांधलेला, आणि एक पोरगी तिच्या हातात सुई खुपसत होती.

“काय करायलीस गं? सोड तिला!”

त्या पोरीचं, धम्मप्रियाचं, तोंडचं पाणी पळालं. शिकवणाऱ्या मॅडमनी उठून समजावलं, की पोरं रक्त काढायला एकमेकांवरच शिकतात, इथं असंच असतं.

“मग हिचाच हात चाळणी का झालाय? बाकीच्यांला हात न्हाईत?”

धम्मप्रियाच रडकुंडीला येऊन म्हणाली, “काकू, हिला सुई धरता येत न्हाई. हात लई थरथरतो. म्हणून ही सगळ्यांला आपला हात देते, अन् हिच्या वाट्याचं रक्त मी काढते. पुढल्या आठवड्यात प्रॅक्टिकलची परीक्षा हाय, तिथं हिच्या जागी मी नसणार.”

मॅडम चकित होऊन अंबिकाकडं बघत राहिल्या.

“चल घरी,” गंगम्मा म्हणाली. “येत न्हाई तर कशाला पाहिजे?”

“येतं मला,” अंबिका म्हणाली. “शीर बरोबर सापडती, अव्वा. पण सुई टेकवली की वाटतं, तू मागं उभी हायस. लहानपणापासून काही हातात घेतलं की तू म्हणायचीस, ‘बघू, बघू, सांडशील.’ मग हात कापतो.”

गंगम्मानं एवढ्या शंका काढल्या, त्यांत ही एक कधी डोक्यात आली नव्हती. तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, की हे आता दुरुस्त होणार का.

ती लेकीच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. बांगड्या वर सारल्या आणि हात टेबलावर ठेवला. “माझं काढ.”

मॅडमनी होकारार्थी मान डोलावली आणि त्या अंबिकाच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. पट्टा बांधला गेला. स्पिरिटच्या कापसाचा गारवा लागला. गंगम्मानं मान फिरवली आणि भिंतीकडं तोंड केलं. सुई कुठं टेकते, नवी आहे का, हिचा हात हलतो का, असं दहादा विचारावंसं वाटलं. सुई आत गेली. काही आलं नसावं, कारण ती बाहेर निघाली. गंगम्मानं न बघताच दुसरा हात पुढं केला.

पुन्हा पट्टा, पुन्हा कापूस. पुन्हा सुई.

“अव्वा, आलं! बघ ना, ट्यूब भरली.”

गंगम्माचं तोंड अजून भिंतीकडंच होतं.

“तू बघितलंस न्हवं?” ती म्हणाली. “मग झालं.”