पाठवणीच्या चालीतली रिकामी जागा

लातूर सोडलं त्या दिवशी माझा ऑटो अण्णांच्याच बँडमागं अडकला. अण्णा म्हणजे माझे वडील. लगनसराईचे दिवस, वरात गंजगोलाईच्या बाजाराकडं चाललेली, नवरदेवाचे दोस्त रस्त्यावर लोळण घेऊन नाचत होते आणि सगळ्यांच्या पुढं क्लॅरिनेट लावून माझा बाप. पुण्याची गाडी सुटायला वीस मिनिटं राहिलेली. आई शेजारी बसून पदरानं घाम पुसत होती, ऑटोवाला हॉर्न बडवत होता. अण्णांनी वळून पाहिलं, ओळखलं. वाजवणं मात्र थांबवलं नाही. मधेच थांबलं तर वरातीतले लोक अंगावर येतात. नुसती क्लॅरिनेट डावीकडं वळवली आणि अख्खा बँड ढोलासकट गटारीच्या कडेला सरकला. ऑटो निघाला. मी हात केला तेव्हा त्यांचे गाल फुगलेलेच होते. पुण्याहून पुढं मी जर्मनीत ब्रेमेनला गेले, नोकरी धरली आणि तिथलीच झाले.

लातूर-नांदेडला राहिलेल्या आणि माझ्यासारख्या पायाला पाय लावून पळालेल्या सगळ्या भावंडांसाठी हे लिहितेय. आपला अल्बम आल्यापासून तुम्ही ग्रुपवर एकच विचारताय, ‘ताई, शेवटच्या चालीत मधूनमधून आवाज जातो, फाईल खराब आहे का?’ फाईल खराब नाही. काय झालं ते ऐका.

ब्रेमेनला मी दर शनिवारी एका हौशी ऑर्केस्ट्रात जाते. अठ्ठावीस माणसं, त्यात एक बेकरीवाला, एक निवृत्त मास्तरीण. त्यांना एकदा मी आपल्या घराण्याचं सांगितलं. पणजोबा निजामाच्या पलटणीत क्लॅरिनेट शिकले, पलटण मोडल्यावर नांदेडला आले; आजोबांनी लातूरला बँड काढला, अण्णांनी तो चालवला. ही माणसं ऐकून हरखलीच. ठरलं, अल्बम काढायचा: एकेका पिढीची एक चाल आणि शेवटी तिन्ही पिढ्यांनी वाजवलेली पाठवणीची चाल, सगळं पूर्ण ऑर्केस्ट्रावर.

पाठवणीची चाल मी आजोबांच्या जुन्या कॅसेटवरून लिहून घेतली. तिच्यात एक खोट सापडली. रे, ग आणि थेट प. मध्यम नाहीच, प्रत्येक वेळी गायब. मला वाटलं, टेपरेकॉर्डरनं कॅसेट खाल्लीय, नाहीतर आजोबांचा दम तुटलाय. मी मध्यम भरला, चांगला व्हायोलिनांवर, गोड. अण्णांना फोनवर एका शब्दानं विचारलं नाही, कारण त्यांना चकित करायचं होतं ना! आगाऊपणा, दुसरं काय.

ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग झालं. फक्त शेवटच्या चालीवर अण्णांची क्लॅरिनेट चढवायची राहिली. तेवढ्यात आईचा फोन आला की अण्णांचे वरचे पुढचे दोन दात हलून राहिलेत आणि डॉक्टरनं सोमवारी काढायचं सांगितलंय. क्लॅरिनेट त्याच दोन दातांवर टेकते. कवळी लावून वाजवणारे असतात, पण अण्णा म्हणाले, “आता नव्यानं शिकायचं वय न्हाई माय.” मी मिळेल त्या विमानानं निघाले, शनिवारी पोचले. हातात रविवार, एवढाच.

रविवारी सकाळी आम्ही नांदेडला विलासकडं गेलो. आपला चुलतभाऊ विलास लग्नाची गाणी रेकॉर्ड करतो, त्याची ती छोटी खोली तुम्हाला माहीत आहे. अण्णांनी कानाला हेडफोन लावला, डोळे मिटले. दुसऱ्याच ओळीला थांबले.

“मधी कोन वाजवून राहिलं हे?”

“व्हायोलिनं आहेत अण्णा. ती जागा कॅसेटवर खराब झाली होती, मी भरली.”

“कॅसेट खराब न्हाई. काढ तो सूर.”

मी समजावायला गेले, तर त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवली आणि भिंतीकडं बघत बोलायला लागले. “माझा आज्या एका गावात पाठवणी वाजवून राहिला व्हता. वाजवता वाजवता पाव्हण्यांच्या गाडीपुढं एक पाऊल गेला. एकानं काठी घातली. हातावर न्हाई, क्लॅरिनेटवर. म्हनला, मागं सरून वाजव. चावी तुटली, हा सूर गेला. आज्या मागं न्हाई सरला. तेवढा सूर सोडून चाल वाजवली, पार येशीपतोर.”

“पण नंतर नवी क्लॅरिनेट आली असेल की.”

“आली की. तिच्यात लागतो मध्यम. पर आपन लावत न्हाई. लावला म्हंजी काठी इसरलो.”

“मला हे कधी सांगितलंत का?”

“तू इचारलं व्हतं का? फोनवर तू एकच इचारती, गोळ्या घेतल्या का.”

तळपायाची आग मस्तकात गेली, आणि राग नक्की कुणावर तेच कळेना. मी ओरडले, “अठ्ठावीस माणसांनी वाजवलंय हे! परत कुठं गोळा करू त्यांना?” अण्णांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवून खटका लावला. “मग दुसऱ्याला बशीव. नांदेडात लई हायेत.” विलास उगाच वायरी गुंडाळत बसला.

मी बाहेर पायरीवर येऊन बसले. खरं सांगू? दुसऱ्याला बसवायचा विचार मी केला. अल्बमवर नाव अण्णांचंच छापता आलं असतं. ब्रेमेनात कुणाला कळणार होतं, आणि तुम्हाला तरी कुठं कळलं असतं? पण आत माझा बाप जिभेनं दात चाचपत बसला होता, आणि उद्या ते दात नसणार होते. मला रडू फुटलं. भर दुपारी रस्त्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर रडले.

आत जाऊन विलासला म्हटलं, मध्यम काढ.

“ताई, एकला सूर न्हाई निघत. सगळे एकाच माइकवर हायेत. काढायचं तर त्या जागी समदी ऑर्केस्ट्राच बंद करावी लागंल. सोळा जागा हायेत.”

“कर बंद.”

“लोक म्हनतील फाईल खराब हाय.”

“म्हणू देत.”

अण्णांनी पेटी उघडली. पहिल्या खेपेला नवव्या जागेशी दात सरकला, आवाज फाटला. रुमालाला लाल लागलं. मी म्हटलं, राहू द्या. ते विलासकडं बघून म्हणाले, “तू चालू कर रे.” दुसऱ्या खेपेला मी श्वास धरून जागा मोजत होते. दहा, अकरा, बारा. दर वेळी अठ्ठावीस माणसं एकदम गप्प व्हायची आणि त्या मोकळ्या जागेत फक्त अण्णांचा श्वास ऐकू यायचा. सोळावी जागा गेली. त्यांनी हेडफोन काढला, ओठ पुसले आणि म्हणाले, “आता बराबर हाय.”

दात सोमवारी गेले. मी ब्रेमेनला परतले, परतणार होतेच, त्यासाठी गळा काढत नाही. मास्तरीणबाईंनी विचारलं, आम्ही सारखे गप्प का होतो? काठीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, असंच राहू दे.

इतकी वर्षं मी समजत होते, घर म्हणजे आपण निघालो ती जागा. ती कुठं जात नाही, केव्हाही गेलो की मिळते. तसं नसतं रे. घर आपल्या माणसांच्या तोंडात असतं, आणि तोंडातले दात पडतात.

गेल्या रविवारी फोनवर गोळ्यांचं विचारलंच नाही. म्हटलं, “अण्णा, पणजोबा त्या दिवशी मोडकी क्लॅरिनेट घेऊन घरी आले, तेव्हा पणजी काय म्हणाली? आणि तिचं नाव काय होतं?”

अण्णा हसले. कवळी अजून नीट बसलेली नाही, शब्द सांडतात.

“लई उशिरा इचारलं माय,” म्हणाले. “पर बस. सांगतो.”