गुरुवारचा केक

तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. आज ती बाई भेटली तर आधी तिला एक चापट देईन, मग चहा पाजीन.

लेक आठव्या महिन्यात, बाळंतपणासाठी नवीन पनवेलला आमच्याकडे आली होती. तिचं सुखरूप पार पडावं म्हणून मी मार्गशीर्षातले गुरुवार धरले होते. दिवसभर कडक उपास, संध्याकाळी महालक्ष्मीची पूजा, मगच घास. आणि नेमका नाताळच्या आदल्या दिवशी गुरुवार. सोसायटीतल्या बायकांनी गाडी ठरवली, वसईकडची सजलेली गावं बघायची, दिवेलागणीच्या आत परत.

"जा गं आई, सारखी माझ्या पोटाकडे बघत बसतेस," लेक म्हणाली.

मला तेवढंच हवं होतं. पहाटे घट मांडला, नवी साडी नेसले आणि निघाले.

काय ती गावं! केळीच्या बागांमधून वाट, दारोदारी कागदी चांदण्या, अंगणात गवताचा गोठा, त्यात मातीची गाय न् मेंढरं. मी आ वासून फिरत होते. एका अंगणात म्हातारीने बशी पुढे केली. "घ्या बाय, घरचा आहे." काळसर केक, मनुकांनी गच्च भरलेला. मी एक तुकडा खाल्ला. दुसरा मागून घेतला, हेही लिहायलाच हवं.

"तुझा उपास ना आज?" शेजारणीने विचारलं.

हातातला उरलेला तुकडा मी बशीत ठेवला. म्हातारी मात्र कौतुकाने सांगत होती, "आठ अंडी घातलीत, आणि मेवा महिनाभर रममध्ये भिजवलाय."

"असू दे गं, साबुदाण्याचा समज!" शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या, मीही हसले. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं," आमच्या ह्यांचा आवाज, "सकाळपासून बाळ हलत नाय म्हणते ती. आमी दवाखान्यात निघालोय. तू ये." आणि फोन बंद.

मी गाडीकडे धावले. शंकाच नव्हती. मी व्रत मोडलं होतं, आणि त्याची शिक्षा पोटातल्या पोराला होत होती.

घोडबंदरच्या रस्त्यावर ट्रकची रांग लागलेली. हे फोन उचलेनात. एरवी एक क्षण गप्प न बसणाऱ्या त्या बायका खिडकीबाहेर बघत बसल्या, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी गाडी थांबवायला लावली, रस्त्याकडेला वाकून घशात बोटं घातली. केक बाहेर आला तर उपास शाबूत राहील, असा हिशेब! तोही येईना. मग देवीशी बोलणी सुरू केली. "आई, मासे सोडते. जिताडासुद्धा सोडते." थोड्या वेळाने हळूच पुस्ती जोडली, "वर्षभर." एवढ्या भीतीतही जिभेचे चोचले सुटत नव्हते मेले. मग स्वतःचीच लाज वाटून म्हटलं, "कायमचा सोडते. माझं काहीही ने, पण पोराला सोड."

दवाखान्याच्या जिन्यात हे भेटले. मला वर नेऊन त्यांनी नुसता पडद्याकडे हात केला. आत लेक डाव्या कुशीवर, डोळे मिटलेले. नर्स तिच्या पोटावर यंत्र फिरवत होती आणि यंत्रातून नुसती खरखर. नर्सने जागा बदलली. पुन्हा खरखर. मी लेकीच्या पावलाला हात लावला, ते गार होतं.

आणि मग एकाएकी टपटप, टपटप, कुणीतरी धावत सुटल्यासारखं.

"झोपलं होतं म्हणे," लेक डोळे न उघडता म्हणाली. तिच्या पापण्यांतून पाणी वाहत होतं.

नर्स यंत्र उचलायला लागली, तसा मी तिचा हात धरला. "परत लाव."

"आजी, रेडिओ नाहीये हा."

"लाव गं बाई," मी म्हटलं. "खात्री होईपर्यंत लाव."

तिने लावलं. मी भिंतीला टेकून ऐकत उभी राहिले, मधेच थांबेल या धास्तीने श्वास रोखून.