साडेनऊ तासांचं माप

सगळी गल्ली तिला टेलरमावशी म्हणायची. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवून तिचे पाय हल्ली सुजायचे, जीभ मात्र अजून कातरीसारखी चालायची. दूरदेशी राहणाऱ्या लेकीचं पहिलं बाळंतपण महिन्यावर आलं होतं, जावई बोटीवर नोकरीला, आणि मावशीनं जाहीर करून टाकलं होतं, "मी जाणार."

डॉक्टरांनी बजावलं होतं, सलग पाच तासांच्या वर बसायचं नाही. म्हणून मुलानं एजंटाकडून विमानाच्या वेळांचा कागद आणला, तेव्हा तिनं चष्मा चढवून आधी तेच बघितलं. सकाळी दहाला सुटणार, दुपारी तीनला पोचणार.

"पाच तास! मोजून पाच. डॉक्टरही खूश."

मुलानं कपाळाला हात लावला. "आई, ते तीन तिकडच्या घड्याळात. तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. साडेनऊ तास लागतात."

मावशीनं कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. एकीच्या मापानं दुसरीचा ब्लाउज बेतावा, तसली ही चूक. शिकायला आलेल्या एखाद्या पोरीनं केली असती, तर हिनंच तिला फैलावर घेतलं असतं.

"सात हजार किलोमीटर आहे, चेष्टा नाही," मुलगा म्हणाला. "राहू दे आता. तिकडे नर्स असतात."

"नर्स तिच्यावर ओरडेल का? ओरडल्याशिवाय ती जेवत नाही."

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात हजर. "डॉक्टर, बसायचं नाही, की न हलता बसायचं नाही? नीट सांगा."

डॉक्टर हसले. "न हलता. दर तासाला उठायचं, चालायचं, पाणी प्यायचं, घट्ट मोजे घालायचे. पण एवढं करूनही पाय सुजले, तर मी हो म्हणणार नाही."

"मग पायांनाच विचारते."

रविवारी सकाळी तिनं जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि गुडघे जेमतेम मावतील एवढ्यावर पुढ्यात मशीन ओढलं. मोजे चढवायच्या आधी टेपनं दोन्ही घोटे मोजले आणि खडूनं मशीनच्या फळीवर लिहिले: उजवा साडेनऊ इंच, डावा नऊ. दहाच्या ठोक्याला बसली.

"हवाई सुंदरी कुठाय?" मुलानं दारातून विचारलं.

"तूच. चहा आण."

दर तासाला ती उठायची, स्वयंपाकघरापर्यंत चार फेऱ्या मारून परत बसायची. तीन वाजता मुलगा पुन्हा डोकावला. "उतरा मावशीबाई, पोचलं तुमचं विमान!"

"गप रे. ते तिकडचे तीन. माझे साडेचार तास बाकी आहेत."

पाचनंतर कंबर बोलायला लागली. सहाच्या फेरीला भिंत धरावी लागली. मुलगा म्हणाला, "आई, पुरे." तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चालली, पाणी प्यायली, पुन्हा बसली.

साडेसातला तिनं मोजे उतरवले, घोट्यांभोवती टेप गुंडाळली आणि आधीच्या आकड्यांखाली खडूनं नवे लिहिले. उजवा पावणेदहा, डावा सव्वानऊ. मुलाचा विश्वास बसेना. त्यानं टेप घेऊन स्वतः मोजलं. तेवढंच.

"पाव इंच," मावशी म्हणाली. "एवढं तर मी शिलाईत सोडते. उद्या डॉक्टरांना ही फळीच नेऊन दाखवते. ते हो म्हणाले, की तू लगेच तिकीट काढ. आणि हे बघ, जागा मधल्या वाटेच्या कडेची हवी. खिडकीतून ढग बघत बसले, तर उठू कशी?"