शून्याखालची धूळ

आमच्या नोएडाच्या ऑफिसात चहा पाच मिनिटांचा आणि त्यावरचे किस्से अर्ध्या तासाचे. माणसं नोकरी सोडून गेली, किस्से मात्र जागचे हलले नाहीत.

काम सांगायला सोपं. शहरात इथेतिथे धूळ मोजणारी यंत्रं आहेत. मधल्या मोकळ्या जागी किती धूळ असेल, ते आम्ही स्प्लाइन नावाच्या गणिताने काढायचो. कमीजास्त उंचीच्या खांबांवर लवचीक पत्रा वाकवून बसवावा, तसं. त्या हिवाळ्यात एका बिल्डरची ऑर्डर मिळाली तर टीम राहणार होती, नाहीतर आम्ही तिघंही घरी. तिघं म्हणजे मी, तरुण नावाचा दिल्लीचा मुलगा आणि आमचे बॉस वैद्य सर, अस्सल पुणेकर.

*

धुळीचा पहिलाच नकाशा. शहराच्या कडेला एकही यंत्र नव्हतं. तिथे पत्रा इतका खाली वाकला की धूळ शून्याच्याही खाली! सरांनी स्क्रीनवर त्या जागी बोट ठेवलं. मग म्हणाले, "तिथे एक प्लॉट घेऊन टाका. श्वास घेतला की फुप्फुसातली आधीची धूळपण निघेल."

*

एकदा प्रोग्राम चालेचना. तरुणने डोकं फोडून घेतलं तेव्हा सापडलं: एकाच जागी दोन यंत्रं आणि दोघांचे आकडे वेगळे. एकाच खांबावर पत्रा दोन उंचींना कसा बसणार?

"एक ही जगह दो रेट?" तरुण वैतागला.

"सरोजिनी नगरच्या बाजारात चालतं, यार," मी म्हटलं. "इथे नाही."

*

मग सरांना मजल्यांचीही धूळ हवी झाली. आम्ही अंतर किलोमीटरमध्ये दिलं आणि उंची मीटरमध्ये. प्रोग्रामने बिचाऱ्याने दोन्ही एकाच मापाचं धरलं. त्याच्या हिशेबाने तिसावा मजला मेरठपेक्षा लांब पडला.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "माझी मेहुणी राहते तिसाव्यावर. लिफ्ट बंद असली की हेच सांगते."

*

शेवटी बिल्डरसमोर परीक्षा. मालक खुराणा साहेब. एकेका यंत्राचा आकडा बाजूला ठेवायचा आणि बाकीच्यांवरून तो ओळखायचा. सगळीकडे पास झालो, नापास फक्त खुराणांच्याच नव्या कॉलनीत. त्यांचं यंत्र म्हणत होतं, हवा डोंगरावरची. आमचा नकाशा म्हणत होता, खिडकी उघडू नका.

"मशीन नई है," खुराणा म्हणाले. "ग़लत आपका नक़्शा है."

सर शांतपणे उठले. "चलिए, देखके आते हैं," ते आपल्या पुणेरी हिंदीत म्हणाले, आणि गाडीत वाटभर निवांत शेंगदाणे खात राहिले.

कॉलनीच्या गार्डने सॅल्यूट ठोकून आम्हाला यंत्रापाशी नेलं. यंत्र खरंच कोरं करकरीत होतं. त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून खाली सुतळीने घट्ट गाठ मारली होती.

"पन्नी न बाँधूँ साहब," गार्ड म्हणाला, "तो इसमें धूल घुस जाती है."

खुराणांनी स्वतः गाठ सोडली. आम्ही आकड्याकडे बघत उभे राहिलो. तो चढत चढत आमच्या नकाशापाशी येऊन थांबला. तरुणने मला इतक्या जोरात टाळी दिली की हात झिणझिणला. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून खुराणांनी ऑर्डरवर सही केली.

गार्ड पिशवी हातात धरून अजून उभाच होता.

"साहब, हो गया हो तो वापस बाँध दूँ?"