शेजारची रिकामी जागा

मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही दोघे उन्हाळा संपताना त्याच्याकडे गेलो आणि हिवाळा तेथेच काढला. पत्नीला ते घर आवडले होते. नळाला दिवसभर पाणी, दारासमोर स्वच्छ रस्ता. कायम राहायलाही तिची हरकत नव्हती. हरकत पुढे आली, आणि तिने ती शब्दांत कधी मांडली नाही.

पत्नी अहिराणी बोलते. मराठी तिला समजते; इंग्रजी मुळीच नाही. मी सरकारी कचेरीत कारकुनी केली, त्यामुळे वाचण्यापुरते आणि कामापुरते इंग्रजी मला येते. बाहेर पडलो की लोकांशी बोलणे माझ्याकडे असे. वास्तविक आमच्या घरात बोलण्याचे काम तिचे. प्रकाशा या आमच्या गावाहून बसने शहाद्याला जाईपर्यंत शेजारच्या बाईचे माहेर, सासर, तिच्या म्हशीचे दूध आणि सुनेचे दुखणे हिला कळलेले असे. मी खिडकीबाहेर पाहत बसे.

तेथील लोक सगळेच वाईट वागले असे मी म्हणणार नाही. बहुतेक वागलेच नाहीत. ते आमच्यातून आरपार पाहत. सकाळी फिरताना समोरून येणाऱ्याला पत्नी हात जोडून राम राम करी. काही मान हलवत. एकाने कानातले गाणी ऐकायचे यंत्रही न काढता हाताने तिला बाजूला होण्याची खूण केली. दुकानात नाणी ओळखायला मला वेळ लागला तेव्हा मागचा तरुण मोठ्याने सुस्कारे टाकू लागला आणि पैसे घेणाऱ्या मुलीने त्याच्याकडे पाहून कंटाळ्याने डोळे वर केले. अशा गोष्टींची कुठे तक्रार होत नाही. घरी सांगाव्यात एवढ्या त्या मोठ्याही नसतात.

एक प्रसंग मात्र वेगळा ठरला.

आमच्या भागात गाडीत कोणी एकटे बसलेले दिसले तर त्याच्या शेजारी बसतात. गाडी रिकामी असेल तर विशेष करून. दूर जाऊन बसणे म्हणजे त्या माणसात काही खोट आहे असे चारचौघांत सांगण्यासारखे आहे. हे कोणी शिकवत नाही. पत्नीच्या ते अंगात आहे.

त्या दिवशी दुपारी आम्ही बसमध्ये चढलो तेव्हा पुढच्या बाजूला एक वयस्कर बाई एकटी बसली होती. मागे दोघे-तिघे, बाकी बस रिकामी. मी तिकिटे घेत होतो, तोवर पत्नी त्या बाईच्या शेजारी जाऊन टेकली आणि हसून म्हणाली, "कोनतं गाव वं माय तुन्हं?"

बाईने आधी पत्नीच्या साडीकडे पाहिले, मग रिकाम्या बाकांकडे. "एवढी बस रिकामी आहे, यांना दिसत नाही का?" असे ती इंग्रजीत म्हणाली, पत्नीला नव्हे, सगळ्यांना उद्देशून. मग उठली, पत्नीच्या गुडघ्यांना ढकलत बाहेर आली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली. कोटाची बाजू तिने हाताने झटकली.

मी पत्नीजवळ बसलो.

"काय म्हननी ती?"

"तिला एकटे बसायचे आहे."

"एकलं? कसाले? तिन्हा घर कोनी मरनं का?"

पत्नीचा आवाज मोठा आहे. ती बाई मागे वळली आणि ओठांवर बोट ठेवून तिने तोंडाने आवाज केला, लहान मुलाला गप्प करतात तसा. मागे कोणीतरी हसले. पत्नीने पदर तोंडाशी धरला. उतरेपर्यंत तो तेथेच होता. त्या बाईला सुनवायला मी मनात इंग्रजी वाक्य जुळवत होतो. जुळले तेव्हा आमचा थांबा आला होता.

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, आठे कोनी कोनाजोगे बसत नही. मनवर नको लेऊ."

"मंग ह्या लोकेसना जीव कसा लागस?" तिने विचारले. मुलगा हसला. ती हसली नाही. खरोखरच विचारत होती.

त्यानंतर ती बाहेर कमी पडू लागली. पडली तरी बोलत नसे. कोणी चांगल्या शब्दांत काही विचारले, तरी आधी माझ्याकडे पाही आणि उत्तर मी देई. घरातही तिचा आवाज खाली आला. हा आवाज परत येतो की नाही, एवढीच मला चिंता होती. परतीची तिकिटे मी मुलाला लवकरची काढायला सांगितली. गावी गेली की बोलेल, असा माझा हिशेब होता.

गावी येऊन आठवडा झाला. शेजारच्या बाया येऊन गेल्या. तिकडचे काय काय, म्हणून विचारत राहिल्या. "बरं शे," एवढेच तिने सांगितले.

मग शहाद्याला काम निघाले. बसमध्ये महिलांच्या बाकावर जागा होती. एक बाई खिडकीशी एकटी बसलेली होती. पत्नी तिला ओलांडून मागच्या रिकाम्या बाकावर गेली, खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर तिने थैली ठेवली. मी पलीकडच्या बाजूला होतो. पुढच्या थांब्यावर गाडी भरली. डोंगरातली एक बाई मोठे गाठोडे घेऊन चढली. गुजरातेतून ऊसतोड करून परतत असावी. ती थैलीजवळ येऊन उभी राहिली. पत्नी खिडकीबाहेर पाहत होती.

"मावशी, थैलीनं तिकीट काढेल शे का?" कंडक्टर ओरडला. गाडी हसली. पत्नीने थैली मांडीवर घेतली.

बाई बसली. गाठोडे दोघींच्या पायांत. थोड्या वेळाने तिने मोडक्या अहिराणीत विचारले, "माय, तू कठे जास?"

पत्नीने माझ्याकडे पाहिले.

तिच्याच मुलखात, तिला समजणाऱ्या बोलीत विचारलेला प्रश्न. मी उत्तर दिले नाही. ऐकू गेले नसेल असे वाटून त्या बाईने मोठ्याने पुन्हा विचारले.

"शहादं," पत्नी म्हणाली. पुढे काही नाही. मी वाट पाहिली. शहादे आले.

खाली उतरल्यावर त्या बाईला डोंगरातल्या धडगावची गाडी गाठायची होती. गाठोडे एकटीला डोक्यावर घेता येईना. पत्नीने थैली माझ्या हातात दिली, गाठोड्याला एका बाजूने हात लावला आणि ते तिच्या डोक्यावर चढवून दिले. "येस माय," असा निरोप घेऊन बाई गर्दीत शिरली.

आम्ही फाटकापर्यंत आलो. शहाद्याच्या बसस्थानकात कोणीही हळू बोलत नाही. पत्नी हळू म्हणाली, "तिन्हं गाव इचारानं ऱ्हाई गयं."

मी मागे वळून पाहिले. धडगावची गाडी निघाली होती.